वाटणं आणि पटणं : नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ज्यांना आयुष्यात एकदा तरी 'जरा डोक्याने विचार कर' असं ऐकावं लागलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांनी ते ऐकवलं त्यांच्यासाठीही आहे, पण ती मंडळी मार्गदर्शिका वाचत नाहीत. त्यांना आधीपासूनच सगळं माहीत असतं. अभ्यासक्रम एका रविवारी दुपारी उरकतो. शुल्क नाही आणि हमीही नाही.

पूर्वतयारी

कोरा कागद, चालणारं पेन, एक कप चहा आणि एक न सुटणारा घरगुती प्रश्न एवढं साहित्य जवळ घेऊन बसावं. प्रश्न फार मोठा निवडू नये. लग्न, नोकरी सोडणं, गावाकडच्या जमिनीची वाटणी हे विषय वरच्या इयत्तेतले आहेत. नवशिक्यांनी माळ्यावरची पितळी भांडी, न वाजणारा रेडिओ, दहा वर्षं न नेसलेला शालू असल्या वस्तूंवर हात बसवावा. मी बाबांची स्कूटर घेतली होती. तिची हकिगत शेवटी प्रात्यक्षिकात येईल.

धडा पहिला : आत कोण बोलतंय ते ओळखणं

पहिली अडचण आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. 'मला वाटतं यंदा पाऊस लांबेल' हा अंदाज झाला. 'मला वाईट वाटतं' हे दुखणं झालं. क्रियापद मात्र एकच. वर त्याच क्रियापदाने आपण खोबरं-मिरची वाटतो आणि मुलगी पास झाली की पेढेही वाटतो. त्यामुळे घरात कोणी 'मला काय वाटतं माहितीये का' म्हणून सुरुवात केली, की समोर मत येणार आहे, रडू येणार आहे की चटणी, याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

त्यातल्या त्यात एक खूण सांगून ठेवते. विचार 'मी' करते, वाटतं मात्र 'मला'. राग मला येतो, कीव मला येते, आठवण मला येते. ही सगळी न सांगता येऊन बसणारी पाहुणेमंडळी. विचार करायचा तर स्वतः उठून दार उघडावं लागतं, आणि बहुतेक दिवशी आपण उठत नाही.

डॅनियल कानेमन हे मानसशास्त्रज्ञ, पण त्यांना २००२ साली नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. त्यांनी २०११च्या 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' या पुस्तकात हीच गोष्ट जरा नीट मांडली. आपल्यात एक भराभर निकाल देणारा बसलेला असतो आणि एक सावकाश हिशेब करणारा. दुसरा हुशार आहे, पण आळशी आहे. पहिल्याने दिलेल्या निकालाखाली तो बहुतेक वेळा न वाचता सही करतो. त्यांनी वापरलेलं एक कोडं आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात आणून विचारते. वही आणि पेन मिळून ११० रुपये. वही पेनपेक्षा १०० रुपयांनी महाग. पेन केवढ्याचं? ज्यांच्या तोंडून 'दहा' निघालं, त्यांचा दुसरा गृहस्थ वामकुक्षी घेतोय. उत्तर पाच.

आता रोजच्या बोलण्यातले काही प्रकार. 'हा पैशांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे' असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकू आलं, तर तो राग समजावा, आणि बहुधा पैशांवरूनच आलेला. 'मी अगदी प्रॅक्टिकली सांगते हं' ही इस्त्री केलेली भावना. 'सहज विचारलं' यात सहज काहीही नसतं. 'पटतं गं, पण जीव होत नाही' हे मात्र या यादीतलं एकमेव खरं बोलणं. असं म्हणणाऱ्याशी वाद घालू नये, त्याला चहा द्यावा.

समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. एकदा सांगून ऐकणाऱ्याला कोणी २०५ वेळा सांगत नाही, एवढी नोंद वहीत करून ठेवावी आणि पुढच्या धड्याकडे वळावं.

धडा दुसरा : कागदाच्या मधोमध रेघ मारणं

ही पद्धत जुनी आहे. १७७२ साली जोसेफ प्रिस्टली या पाद्रीबुवांना एका उमरावाकडून नोकरीचं बोलावणं आलं. जावं की न जावं हे ठरेना, म्हणून त्यांनी बेंजामिन फ्रँकलिनना विचारलं. फ्रँकलिननी शहाण्या माणसासारखं काय ठरव ते सांगितलंच नाही, कसं ठरव तेवढं कळवलं. कागदाच्या मधोमध रेघ मार. एका बाजूला होकाराची कारणं लिही, दुसऱ्या बाजूला नकाराची. घाई करू नकोस, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जा. मग दोन्हीकडची सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडत जा. जी बाजू उरेल ते उत्तर. प्रिस्टलींनी नोकरी घेतली आणि ती करता करताच १७७४ मध्ये त्यांना तो वायू सापडला, ज्याला पुढे ऑक्सिजन म्हणू लागले. म्हणजे रेघ मारण्यात काही नुकसान नाही.

अडचण खोडण्यात आहे. 'पगार बरा' याच्यासमोर 'आईला दवाखान्यात कोण नेणार' हे किती वजनाचं? तागडीत घालायला वजनं कुठली? तीही शेवटी आपल्यालाच 'वाटतात'.

याचा उत्तम नमुना चार्ल्स डार्विनचा. १८३८ साली, एकोणतिसाव्या वर्षी, लग्न करावं की नाही यावर त्याने कागदाचे दोन भाग पाडून यादी केली. न करण्याच्या बाजूला वेळेची नासाडी आणि पुस्तकांना पैसे कमी पडणं. करण्याच्या बाजूला म्हातारपणी सोबत, शिवाय बायको कुत्र्यापेक्षा तरी बरी, अशा अर्थाचं एक निरीक्षण. (हा कागद पुढे प्रसिद्ध होणार आहे याची त्याला कल्पना नसावी.) शेवटी भूमितीतलं प्रमेय सुटल्यासारखं 'लग्न' हा शब्द तीनदा लिहून खाली 'इति सिद्धम्'च्या धाटणीचा शिक्का मारला. यादी नुसती मोजली तर हे सिद्ध कसं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्याच जानेवारीत त्याने एमा वेजवूडशी लग्न केलं. दहा मुलं झाली. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्याने हे गणित आधी उत्तर लिहून मग सोडवलं होतं, आणि गंमत म्हणजे उत्तर बरोबर होतं.

स्वाध्याय : यादी करताना एका बाजूची कारणं भराभर सुचत असतील आणि दुसऱ्या बाजूला पेन चावत बसावं लागत असेल, तर यादी थांबवावी. निर्णय झालेला आहे.

धडा तिसरा : सोनं

आई दर पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला सोनं घेते. साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा हुकला तर दसऱ्याला भरून काढते. या विषयात मी तिला तर्कशुद्ध विचार शिकवायला गेले होते. त्या शिकवणीचा वृत्तांत पुढीलप्रमाणे.

मी म्हणाले, मुहूर्ताला भाव उतरत नाही, दुकानात मात्र पाय ठेवायला जागा नसते. आदल्या बुधवारी जा. आई म्हणाली, "बरं."

मी म्हणाले, दागिना घेतलास की घडणावळ गेली, जीएसटीचे तीन टक्के गेले, मोडायला नेलास तर घट धरतील. आई म्हणाली, "दागिना कुठे घेते? वेढणी घेते."

इथे मी जरा थांबले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, वेढणी म्हणजे चोवीस कॅरेटच्या सोन्याची साधी तार बोटाला बसेल अशी वळवलेली. नक्षी नाही, खडा नाही, त्यामुळे मजुरी नावापुरती. पुण्यातल्या जुन्या बायका एकेक ग्रॅमची जमवतात आणि लग्नकार्य निघालं की त्यांचं हवं ते करून घेतात. म्हणजे दिवस पंचांगातून आणि वस्तू हिशेबाच्या वहीतून. मी दोन्ही एकाच वहीत शोधत होते.

तरी मी सरकारी सुवर्णरोख्यांचा विषय काढला. आठ वर्षांची मुदत, वर सालाना अडीच टक्के व्याज, चोरीची भीती नाही. आई म्हणाली, "चांगलं आहे. तू घेतलेस का?"

मी घेतले नव्हते. घ्यायचे होते, पण प्रत्येक वेळी विक्री खुली असायची ते चार-पाच दिवस कामाच्या गडबडीत निघून जायचे. फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवे रोखे काढलेच नाहीत. आईचं उलट होतं. पाडवा आहे म्हटल्यावर जायचंच होतं, आणि गेल्यावर रिकाम्या हाताने यायचं नव्हतं. 'मुहूर्त नसता तर पैसे घरात राहिले असते का?' या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण डब्यात वेढणी नव्हती. गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव कुठे गेला ते वाचकांना माहीत आहे. आईने तो विषय एकदाही काढला नाही, हे मला जास्त लागलं.

धडा चौथा

हा धडा नवरा-बायकोच्या भांडणावर होता. घरातून हरकत आल्यामुळे वगळला आहे.

सुरक्षेच्या सूचना

काही उत्साही विद्यार्थी विचारतात, की भावना अजिबातच बाजूला काढून ठेवली तर? मग निवांत, स्वच्छ, थंड डोक्याने सगळं ठरवता येणार नाही का? या प्रयोगाचा निकाल उपलब्ध आहे.

अँटोनिओ दमासिओ हे मेंदूचे डॉक्टर. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण त्यांनी तपासले, आणि १९९४च्या 'डेकार्टेज एरर' या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं. या माणसांची बुद्धी शाबूत होती, स्मरणशक्ती शाबूत होती. गेलं होतं ते आतून काही वाटणं. त्यातल्या एकाला डॉक्टरांनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, काही दिवसांच्या अंतराने. गृहस्थांनी डायरी काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूने आणि विरुद्ध मुद्दे मांडले. आधी ठरलेली कामं, लागून येणाऱ्या दुसऱ्या भेटी, त्या दिवशी हवा कशी असेल. सगळे मुद्दे बिनतोड. ऐकणारे टेबलावर डोकं आपटायच्या बेतात. शेवटी डॉक्टर शांतपणे म्हणाले, दुसऱ्या तारखेला या. गृहस्थ म्हणाले ठीक आहे, डायरी मिटली आणि निघाले.

तारीख ठरवताना आपल्याला आतून कोणीतरी 'बास झालं आता' म्हणतं. त्या माणसाचा तो आवाजच गेला होता. हॉटेलात मेन्यूकार्ड वीस मिनिटं वाचून 'तुम्ही काय घेताय?' विचारणाऱ्यांना मी पूर्वी हसायचे. हल्ली त्यांच्यासाठी मीच मिसळ सांगते.

थोडक्यात, भावना हा सुटा भाग नाही. दुरुस्तीच्या नादात तो काढून ठेवू नये.

प्रात्यक्षिक : स्कूटर

वस्तूचं वर्णन : बजाज चेतक, १९८५ची. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, तशी थांबून मिळालेली. नंबरप्लेट एमएच सुरू व्हायच्या आधीची. गिअर डाव्या मुठीत. थंडीत सुरू करायची तर आधी गाडी अंगावर घेतल्यासारखी कलती करायची, दोन क्षण थांबायचं आणि मग किक. लहानपणी मी पुढे उभी राहत असे, हँडलच्या मध्ये, आणि हे कलतं होणं मला खेळ वाटायचा. पहिली पंधरा वर्षं संपल्यापासून दर पाच वर्षांनी बाबा आरटीओत जाऊन तिची नोंदणी वाढवून आणत. गेली आठ वर्षं गाडी एरवी पार्किंगमधून हललेली नव्हती, तरीही आणत.

२०२४ मध्ये सोसायटीने नोटीस लावली, की वापरात नसलेली वाहनं हलवावीत, त्या जागी चार्जिंगची सोय करायची आहे. मी कागद घेतला आणि रेघ मारली. विकण्याच्या बाजूला अकरा कारणं झाली. न विकण्याच्या बाजूला बाबांनी स्वतःच्या हाताने एकच लिहिलं : 'चालू आहे.'

"बाबा, चालू आहे हे कारण नाही. ती चालत नाही."

"किक मारली तर चालेल."

"तुम्ही शहात्तर वर्षांचे आहात. किक कोण मारणार?"

"तोच तर तुझा मुद्दा बारावा. लिही की."

मी लिहिला. विकायचं ठरलं. बाबांनी किंमत सांगितली पंधरा हजार. गॅरेजवाला आला, खाली वाकून पत्रा टिचकीने वाजवला, आणि म्हणाला, चार हजार, तेही तुमच्याकडे बघून. बाबा काही न बोलता वर निघून आले.

मी त्यांना मगांचा प्रयोग सांगितला. कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९०च्या एका निबंधात मांडलेला. विद्यार्थ्यांपैकी काहींना कॉलेजचं चित्र असलेले मग फुकट वाटले आणि बाकीच्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता ते मागत होते त्या किमतीच्या निम्मेही पैसे द्यायला समोरचे तयार नव्हते. मग मिळून तास झाला नव्हता, तोवर तो 'माझा' झाला होता. "तुमचं पंधरा हजार म्हणजे तेच आहे," मी म्हणाले. बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्यांना पटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. पण त्यांच्याकडे मग तासभर होता."

पुढच्या रविवारी एक मुलगा आला. साताऱ्याकडचा, इथे नोकरीला. कुणाकडून तरी कळलं म्हणाला. त्याने ना पत्रा वाजवला, ना किंमत विचारली. हवा भरायचा पंप सोबत आणला होता, बाटलीत ऑइल घातलेलं पेट्रोलही आणलं होतं. अर्धा तास प्लग काढून घासत बसला. मग उभा राहिला आणि कोणी न सांगता गाडी अंगावर घेऊन कलती केली. दोन क्षण थांबला. पहिली किक वाया, दुसरी वाया, तिसऱ्या किकला गाडी खोकली आणि सुरू झाली. अख्खं पार्किंग निळसर धुराने भरलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी काय जळतंय म्हणून ओरडलं.

बाबांनी विचारलं, "ठेवणार कुठे?"

"गावाला. शेड आहे आमची, बाजरीची पोती असतात तिथे."

"उन्हात नाही ना?"

"नाही काका."

"अडीच हजार दे," बाबा म्हणाले.

मी शेजारीच उभी होते. चार हजारांचं गिऱ्हाईक हातात असताना अडीच हजार. फॉर्म २९ आणि ३०वर बाबांनी तिथेच बोनेटवर कागद ठेवून सह्या केल्या, आणि वर त्या मुलाला त्यांचं जुनं हेल्मेटही दिलं. मुलगा गेल्यावर मी तोंड उघडलं. एकाच वस्तूच्या एकाच आठवड्यात पंधरा हजार आणि अडीच हजार अशा दोन किमती कुठल्याही शास्त्रात बसत नाहीत, असं मी म्हणाले.

बाबा म्हणाले, "अगं, त्याला भंगार विकत होतो. याला स्कूटर विकली."

त्यानंतर चार दिवस मी बाबांशी धड बोलले नाही. पंधराशे रुपयांसाठी. त्या चार दिवसांत मी मांडलेला प्रत्येक मुद्दा बिनतोड होता, आणि हे मी आईला, नवऱ्याला आणि फोनवर मावशीलाही पटवून दिलं. मावशीने शेवटी विचारलं, "तुला राग नक्की कसला आलाय?" मी म्हणाले, पैशांचा प्रश्न नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. मग धडा पहिला आठवला आणि फोन ठेवला.

प्रात्यक्षिकाचे गुण : बाबा, उत्तीर्ण. आई या परीक्षेला बसलीच नाही, ती त्या दिवशी मंडईत होती. प्रस्तुत लेखिकेचा निकाल राखून ठेवला आहे.

एक वस्तू व्यवहारात राहून गेली. चोरीला जाईल म्हणून बाबांनी स्टेपनी कधीच काढून वर गॅलरीत आणून ठेवली होती. मुलाने फोन करून मागितली, बाबा देऊन टाक म्हणाले, पण व्यवहारात स्टेपनी धरलेली नव्हती आणि माझ्या मते हे त्याला कळायला हवं. बाजारात तशी जुनी स्टेपनी तीनशे-चारशेला मिळते, मी चौकशी केली आहे. आमचीचा टायर बरा आहे आणि तिच्यावर बसून मी चौथीपर्यंतचा अभ्यास केला आहे. किंमत बाराशे. घासाघीस चालणार नाही. बघायला यायचं तर रविवारी सकाळी यावं, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.